सापडलेल्या वस्तूंची वही

अण्णा : पहिलं पत्र दोन हजार नऊ साली आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. एवढंच आहे, पर्णिका. बाकी काही नाही.

पर्णिका : बाकी काही नाही? अण्णा, ही टोपली बघा. सकाळपासून सात कागद फाडलेत तुम्ही. चहावर साय धरलीय.

अण्णा : आठ लिहिले. एक खिशात आहे.

पर्णिका : मी आज वर्क फ्रॉम होम आहे, पण वर्क तुमचंच चाललंय. कोणाचं पत्र होतं?

अण्णा : रोझलिंड प्रायर म्हणून एक बाई आहेत, इंग्लंडमध्ये. बाई म्हणजे, मी पाहिली तेव्हा तेरा वर्षांची मुलगी होती. दोन वेण्या, गुडघ्याला नेहमी खरचटलेलं. तिनं लिहिलं होतं, ‘त्या दिवशी वाचनालयात काय झालं, ते तुम्हालाच माहीत आहे. माझ्या आईनं माझ्या वडिलांना पकडून दिलं का? हो किंवा नाही, एवढंच कळवा.’

पर्णिका : आणि सोळा वर्षांत तुम्हाला हो किंवा नाही लिहिता आलं नाही?

अण्णा : नाही.

पर्णिका : हे तिच्या प्रश्नाचं उत्तर, की माझ्या?

अण्णा : दोन्हीचं.

पर्णिका : थांबा. मी लॅपटॉप बंद करते. ...हं. बोला आता. वडिलांना कशाबद्दल पकडलं?

अण्णा : पकडलं नाही. पळाले ते. मिस्टर प्रायर. मी इथे आखातात आलो तेव्हा देऱ्याला आमच्या कंपनीशेजारी त्यांचं ऑफिस होतं, पाटी शिपिंगची. खरं म्हणजे ते ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे होते. आणि त्याहून खरं म्हणजे रशियनांचे.

पर्णिका : डबल एजंट?

अण्णा : पगार लंडनचा, माहिती मॉस्कोला.

पर्णिका : आणि ह्या माणसाला तुम्ही ओळखायचात? तुम्ही? लिफ्टमध्ये समोरच्या काकूंना गुड मॉर्निंग म्हणताना तुम्ही स्वतःच्या चपला बघता!

अण्णा : ओळखायचो म्हणजे पुस्तकं द्यायचो. दिवसा कंपनीत कारकुनी, आणि संध्याकाळी सहा ते नऊ इंग्रजांच्या क्लबात वाचनालय सांभाळायचो. मी सांगलीला ग्रंथालयात होतो ना आधी, म्हणून मला घेतलं. दोन खोल्या, अकराशे पुस्तकं. फार सुंदर जागा होती. म्हणजे मला वाटायची. लोक तिथे मुख्यतः एसी चांगला म्हणून यायचे.

पर्णिका : आणि प्रायर?

अण्णा : ते खजुराच्या लागवडीवरचं एक जाडजूड पुस्तक न्यायचे. चाळीस सालचं. त्याला कोणी कधी हात लावला नव्हता. एका वर्षात ह्यांनी ते पाच वेळा नेलं. दर वेळी तीन दिवसांत परत. आणि त्यांच्यानंतर लगेच एक डेन्मार्कचा इंजिनीअर तेच न्यायचा. मला इतका आनंद झाला, पर्णिका. ग्रंथपालाला काय लागतं? पडून राहिलेल्या पुस्तकाला वाचक मिळाला. एकदम दोन!

पर्णिका : अण्णा! त्यात ते काहीतरी ठेवत होते. सरळ आहे.

अण्णा : आता सरळ आहे. तेव्हा मी मुंबईहून खजुरावरचं आणखी एक पुस्तक मागवलं. त्यांच्यासाठी. माझ्या खर्चानं. ब्राऊन पेपरात बांधून त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, सर, आपली आवड पाहून.

पर्णिका : अरे देवा. तुम्ही स्पायला खजुराचं पुस्तक गिफ्ट दिलंत.

अण्णा : हसू नकोस.

पर्णिका : नाही हसत. त्याचा चेहरा कसा झाला असेल, ते बघतेय.

अण्णा : पांढरा. ‘तुमचं किती लक्ष असतं हो,’ म्हणाले. मला वाटलं, कौतुक करताहेत. पुढे महिनाभर ते आलेच नाहीत. मला वाटलं, माझं काही चुकलं, आगाऊपणा झाला. रात्र रात्र मी त्याचाच विचार करायचो.

पर्णिका : मग?

अण्णा : मार्चमध्ये पुन्हा ते जुनं पुस्तक नेलं. आणि त्यांना अचानक मस्कतला जावं लागलं, म्हणून परत करायला मिसेस प्रायर आल्या. त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. घरात वाचनालयाचं पुस्तक दिसलं, तारीख झाली होती, आणून दिलं. नेहमीसारखं ‘थँक यू’ म्हणाल्या आणि गेल्या. मी पुस्तक कपाटात ठेवताना पुठ्ठ्याच्या आतून एक पातळ कागद वर आला. जहाजांची नावं, तारखा, कुठल्या जहाजात खरा माल काय. इराण-इराकची लढाई चालू होती तेव्हा.

पर्णिका : तुम्हाला कळलं?

अण्णा : कळलं. रोझलिंडला वाटत असेल, कारकून होता, कळलं नसेल. मीही कितीदा स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण कळलं होतं. मी दिवसभर जहाजांचेच कागद लावायचो.

पर्णिका : मग जे कोणाचं, त्याला द्यायचं. किंवा जाळायचं. विषय खलास.

अण्णा : सांगलीची एक शिस्त होती. पुस्तकात काही सापडलं, पिन, तिकीट, फोटो, काहीही, तर ते वहीत लिहायचं आणि शेवटच्या वाचकाला परत करायचं. ‘सापडलेल्या वस्तूंची वही’. मी इथेही ती ठेवली होती. तर मी आधी वहीत लिहिलं. आणि मग घाबरलो.

पर्णिका : उलट केलंत.

अण्णा : हो. शैलेंद्र चार वर्षांचा होता. तुझ्या सासूबाईंना त्याला घेऊन इथे येऊन सहा महिने झाले होते. व्हिसा कंपनीचा. कोणी म्हणालं, की ह्या कारकुनाच्या वाचनालयातून कागद जातात, तर आठ दिवसांत तिघं सांगलीला. म्हणून मी तो कागद क्लबच्या सेक्रेटरीकडे नेला. मेजर कोल्बी. लाल चेहऱ्याचे, मोठ्यानं बोलणारे. त्यांनी एकच विचारलं, ‘हा तुला कुठे मिळाला?’

पर्णिका : आणि?

अण्णा : मी म्हणालो, ‘मिसेस प्रायरनी आणून दिला, सर. तुम्हाला द्यायला सांगितलंय.’

पर्णिका : अण्णा.

अण्णा : हो.

पर्णिका : का पण?

अण्णा : त्यांची बाई, त्यांचा साहेब, त्यांचा मेजर. म्हटलं, ते आपसांत मिटवतील. मधे माझं नाव नको. एवढ्याशा खोट्यानं काय होणार, असं वाटलं. तेव्हा मला सगळंच एवढंसं वाटायचं, मीसुद्धा.

पर्णिका : आणि ते मिटलं नाही.

अण्णा : मेजरनी वर कळवलं. इथल्या विमानतळावर प्रायर यांची वाट बघत माणसं उभी राहिली. पण कोणीतरी मस्कतला आधीच फोन केला होता. ‘तुझ्या बायकोनं कागद दिला,’ असा. ते तिथूनच पसार झाले. दोन वर्षांनी मॉस्कोच्या वर्तमानपत्रात फोटो आला. बायको आणि मुलगी, दोन बॅगा घेऊन लंडनला. जायच्या आदल्या दिवशी मिसेस प्रायर वाचनालयात आल्या. नावावरची पुस्तकं परत करायला. अशा वेळी, बघ! कोण आठवण ठेवतं? काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, ‘त्या दिवशी मी तुम्हाला फक्त पुस्तक दिलं होतं ना हो?’

पर्णिका : तुम्ही काय म्हणालात?

अण्णा : ‘येस, मॅडम.’

पर्णिका : मग त्या म्हणाल्या असतील, सांगा ना मेजरला.

अण्णा : तेच म्हणाल्या. मी म्हटलं, ‘आय विल सी, मॅडम.’ आणि त्यांच्या पुस्तकांवर परत आल्याचे शिक्के मारले. तिन्हींवर.

पर्णिका : तुमचा चहा परत गरम करून आणते.

अण्णा : नको. बस. थोडंच राहिलंय. प्रायर पुढे मॉस्कोतून मुलीला पत्रं लिहीत राहिले. प्रत्येक पत्रात, ‘तुझ्या आईनं मला विकलं.’ मुलीनं बापाचं ऐकलं. आई सांगायची, मी फक्त पुस्तक परत केलं. कोण विश्वास ठेवणार? एवढ्या मोठ्या गुप्तहेराची बायको, आणि म्हणे पुस्तक परत केलं. ते वारल्यावर मुलीनं मला लिहिलं. आणि माझं धैर्य झालं नाही. ते पाकीट माझ्या हातात आलं, तेव्हा एका बाजूनं फाटलेलं होतं. टपाल सगळं कंपनीच्या पोस्ट बॉक्सला येतं, कोणी कोणी वाचलं असेल, काय माहीत. तेवढं कारण मला पुरलं.

पर्णिका : आणि हे दुसरं?

अण्णा : काल संध्याकाळी शैलेंद्रनं दिलं. मिसेस प्रायर एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. वृद्धाश्रमात. आता कोणाला ओळखत नाहीत. तिथल्या नर्सनं मुलीला कळवलं, की त्या दिवसभर एकच वाक्य म्हणतात. ‘मी फक्त पुस्तक परत केलं.’ डॉक्टर म्हणतात, नाताळ काही बघणार नाहीत. मुलगी बावीस वर्षांत भेटली नाही त्यांना. लिहिते, ‘मी जाऊ का? कोणाच्या शब्दावर जाऊ? जिवंत असे तुम्हीच आहात.’

पर्णिका : मग तुम्ही कागद काय फाडताय! फोन नंबर द्या तिचा. आत्ता लावते.

अण्णा : नाही दिलेला. ईमेलही नाही. लहानपणापासून त्यांचे फोन कोणीतरी ऐकायचं, त्यामुळे ती महत्त्वाचं काही फोनवर बोलत नाही, असं लिहिलंय. आणि खरं सांगू? बरंच आहे. तोंडानं मी पुन्हा खोटं बोलेन. समोरून ‘हॅलो’ आलं की मी ‘येस, मॅडम’ म्हणेन.

पर्णिका : बघू पाकीट. ...अण्णा, हा शिक्का सतरा ऑक्टोबरचा आहे. आज चौदा नोव्हेंबर. इंग्लंडहून यायला महिना लागतो का?

अण्णा : पोस्टाचं काय सांगावं.

पर्णिका : पोस्टाचं नाही हे. तो आला बघा, किल्ली वाजली. शैलेंद्र! इकडे ये आधी.

शैलेंद्र : काय कोर्ट भरलंय? यल्ला, चल, जेवायला वाढ, मला परत डीआयपीला गोदामात जायचंय. दोन कंटेनर आलेत मसाल्याचे.

पर्णिका : हे पत्र तुझ्या बॉक्सला कधी आलं?

शैलेंद्र : आलं असेल... ऑफिसची बाहेरची कामं करणारा मंदूब जातो ना बॉक्स उघडायला, त्यानं आणून दिलं. मागेच.

पर्णिका : मागे म्हणजे किती?

शैलेंद्र : तीन आठवडे.

पर्णिका : आणि होतं कुठे?

शैलेंद्र : माझ्या ड्रॉवरमध्ये. उघडलं मी. हो, वाचलं. सॉरी, अण्णा. पण त्यात मॉस्को, इंटेलिजन्स, असले शब्द. मला घाम फुटला. मार्चमध्ये तुमचा व्हिसा रिन्यू करायचाय. माझं धंद्याचं लायसन्स आहे, हाताखाली बारा माणसं आहेत. वाटलं, देऊच नये. मग झोप येईना. म्हणून काल दिलं.

अण्णा : बरोबर आहे रे तुझं.

पर्णिका : काय बरोबर आहे? तिकडे ती म्हातारी...

शैलेंद्र : तू थांब जरा. अण्णा, तुम्ही काही केलेलं नाही ना? मग लिहून टाका, मला काही आठवत नाही. ऐंशीला आलात. कोणीही मानेल.

अण्णा : केलं मी. मी मेजरला खोटं सांगितलं. बाईंचं नाव घेतलं.

शैलेंद्र : ...तुम्ही?

अण्णा : तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.

शैलेंद्र : माझ्यासाठी केलंत? आपल्याला इथे राहता यावं म्हणून?

अण्णा : नाही रे. तसं मी पाचव्या कागदावर लिहिलं होतं. ‘माझा मुलगा चार वर्षांचा होता.’ वाचलं आणि फाडलं. तू नसतास तरी मी घाबरलो असतो. तुझ्या नावावर कशाला घालू?

शैलेंद्र : आणि लिहून आता होणार काय? त्या बाईंना कळणार आहे का काही?

अण्णा : त्यांना नाही कळणार. त्यांच्यापुरता उशीर झालाच. मुलीला कळेल. ती जाईल, जाऊन बसेल जवळ. एवढं झालं तर.

पर्णिका : नुसत्या पत्रावर विश्वास ठेवेल ती? चाळीस वर्षं बापाचं ऐकलंय तिनं. म्हणेल, कोण हा म्हातारा, आईची दया आली म्हणून लिहितोय.

अण्णा : म्हणून हा आठवा फाडला नाही. ह्यात त्या वहीचं लिहिलंय. क्लब बंद झाला, तेव्हा सगळं रद्दीत गेलं. ती वही मी घरी आणली. आणू नये, पण आणली. त्या कपाटात आहे, खालच्या कप्प्यात, निळी. दे जरा.

पर्णिका : ही? बापरे, काय अक्षर आहे. छापल्यासारखं. ‘केसांची पिन, एक. बसचं तिकीट. लहान मुलीचा फोटो, मागे नाव नाही.’ सगळं लिहिलंत?

अण्णा : अकरा मार्च बघ. चौऱ्याऐंशी.

पर्णिका : ‘खजुराची लागवड. परत करणाऱ्या : मिसेस प्रायर. पुस्तक कपाटात लावताना मला पुठ्ठ्याच्या आत पातळ कागद मिळाला. मिसेस प्रायर तेव्हा निघून गेल्या होत्या.’ आणि खाली सही. अण्णा, ह्यात तर सगळं खरं आहे!

अण्णा : वहीत खोटं कसं लिहिणार?

पर्णिका : माणसाला सांगता आलं, वहीला नाही?

अण्णा : ...नाही आलं.

पर्णिका : सॉरी. मी उगाच... ह्या पानाचा फोटो काढून, प्रिंट घालू या पाकिटात.

शैलेंद्र : प्रिंट कोणीही बनवतं आजकाल. स्पायची मुलगी आहे ती. ती नाही मानणार.

पर्णिका : तू नक्की कोणाच्या बाजूनं आहेस?

शैलेंद्र : मला माहीत नाही. भूक लागलीय मला.

अण्णा : तो बरोबर बोलतोय. मूळ पान द्यावं लागेल. म्हणजे शाई दिसेल, जुनेपण दिसेल, आणि पत्रातलं अक्षर त्याच्याशी लावून बघता येईल. पर्णिका, पट्टी आहे का?

पर्णिका : द्या, मी फाडते.

अण्णा : नको. मी उभ्या आयुष्यात कुठल्या पुस्तकाचं पान फाडलं नाही. दुसऱ्यानं फाडलेलं दिसलं तर मला जेवण जात नसे. ...पट्टी घट्ट धर. अशी. शिवणीजवळ.

शैलेंद्र : हळू, अण्णा. खालून सुटतंय. मी धरतो इकडून.

अण्णा : धर.

पर्णिका : आलं. अख्खं आलं.

अण्णा : हं.

शैलेंद्र : एक ऐका माझं. साध्या पोस्टानं टाका. बाहेरच्या टपालपेटीत. काउंटरवर आयडी देऊ नका, नाव नोंदवू नका. आत काय लिहायचं ते लिहा, मी अडवत नाही. पण इथे कुठे रेकॉर्ड नको. प्लीज. एवढं कराल?

अण्णा : बघतो.

शैलेंद्र : ‘बघतो’ नका म्हणू, अण्णा. तुम्ही ‘बघतो’ म्हणता म्हणजे काय, ते मला लहानपणापासून माहीत आहे.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, अल कुसैसच्या पोस्टात.)

पर्णिका : टोकन त्र्याहत्तर. आपलं अठ्ठ्याहत्तर. बसा. पाकीट छातीशी काय धरलंय, कोणी नाही हो घेत.

अण्णा : पर्णिका, मी ‘क्षमा’ हा शब्द शेवटी घातला. सुरुवातीला घातला असता, तर तिला वाटलं असतं, की मी आधी माझंच सांगतोय. शेवटी घातल्यानं असं नाही ना वाटणार, की आठवण झाली म्हणून घातला?

पर्णिका : नाही वाटणार.

अण्णा : पहिल्या ओळीत सरळ लिहिलं, ‘तुमच्या आई खरं बोलतात. आज जा.’ त्याखाली बाकीचं. पण आज जा म्हणजे, पत्र पोचेल तो आज. तोवर...

पर्णिका : आपला नंबर. चला. ...हॅलो, गुड मॉर्निंग. यूके. हो, डॉक्युमेंट. ...अण्णा, ती म्हणतेय, ऑर्डिनरी असेल तर पंधरा दिवस, जास्तही लागू शकतात. एक्स्प्रेसला चार.

अण्णा : पंधरा.

पर्णिका : एक्स्प्रेसला पाठवणाऱ्याचा आयडी लागतो. नाव, नंबर, सही. शैलेंद्रला आपण शब्द... म्हणजे तुम्ही दिला नाहीत, पण त्याची तेवढीच विनंती होती.

अण्णा : हो.

पर्णिका : माझा देऊ का? माझ्या नावानं जाईल. तो चिडेल, मी बघून घेईन.

अण्णा : तुझं नाव कशाला? तू काय केलंस?

पर्णिका : लोक थांबलेत मागे.

अण्णा : माझा घे. शर्टाच्या खिशात आहे, काढ जरा... हां. हाच. दे तिला.

पर्णिका : नक्की?

अण्णा : विचारू नकोस गं पुन्हा. पुन्हा विचारलंस तर मी बदलेन.

पर्णिका : ...येस, हिज ओन. सेंडर हेच आहेत. ...अण्णा, आत काय आहे म्हणून विचारतेय. फॉर्मवर लिहावं लागतं.

अण्णा : लिही, एक पत्र. आणि एका वहीचं पान.

पर्णिका : सही इथे. आणि इथे. सावकाश.

अण्णा : झाली. वाचता येतंय ना नाव?

पर्णिका : छापल्यासारखं आलंय. ...थँक यू. ही पावती. झालं, अण्णा. गेलं ते मागे, पिशवीत टाकलं तिनं.

अण्णा : चार दिवस म्हणाली ना?

पर्णिका : चार. फार तर पाच.

अण्णा : त्या असतील तोवर?

पर्णिका : मला नाही माहीत, अण्णा.

अण्णा : हो, तुला कसं माहीत असणार. ...पर्णिका, एक विचारू? आता मी परत जाऊन मागितलं, तर देतील का ते?

पर्णिका : नाही. एकदा घेतलं की नाही देत.

अण्णा : मग बरं. चल.